स्वरसाधनेतून उपजीविका

पियानो वा संवादिनी शिकणाऱ्या ठाकुर्लीतील तरुणापुढे प्रश्न असतो : यावर संसार चालेल काय? मैफलींचे मानधन अनिश्चित असते. अध्यापनाचे उत्पन्न त्यामानाने नियमित. १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापून पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी संगीतशिक्षकाच्या व्यवसायाला प्रतिष्ठा मिळवून दिली. १९३१ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संवादिनीच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारदपर्यंत सात टप्प्यांच्या आहेत. पियानोसाठी लंडनच्या ट्रिनिटी महाविद्यालयाच्या आठ श्रेणी आहेत. तथापि, प्रमाणपत्राने शिकविण्याची हातोटी येत नाही. ती नवशिक्यांना धीराने शिकवूनच येते. त्यासाठी प्रथम विद्यार्थी व जागा हवी. शाळांनी व ग्रामपंचायतींनी सायंकाळी एखादी रिकामी खोली उपलब्ध करून दिल्यास अशा होतकरू शिक्षकाचा मार्ग निश्चितच सुकर होईल.