गहू त्यांचा, पैसा आपला!

मानवत हे कापसाचे गाव. तेथे कुणी परदेशी कापूस ‘मदत’ म्हणून देऊ केला, तर अडते आणि शेतकरी दोघेही हसतील! पण १९५६ च्या ऑगस्टात अमेरिकेशी ‘पी. एल. ४८०’ खाली पहिला करार झाला, तेव्हा गहू-तांदळाबरोबर यादीत कापूसही होता. (मानवत त्या वेळी हैदराबाद राज्यात होते.) तिकडची कोठारे तुडुंब भरलेली, साठा खपवायचा आणि पुढची गिऱ्हाइके जोडायची, हे १९५४ च्या मूळ कायद्यातच होते.

दाम आपण रुपयांत देत होतो. ही सवलत खरी, आणि भुकेल्या तोंडांना त्या गव्हाने आधार दिला, हेही खरे. परंतु ते रुपये त्यांच्या खात्यावर येथेच साठत गेले. १९५७ च्या दुरुस्तीने त्यांतला पाव हिस्सापर्यंत पैसा येथील अमेरिकी कंपन्यांना कर्जाऊ देण्याची सोय झाली. गहू खाल्ला आपण, आणि त्याच पैशावर दुकान थाटायचे त्यांनी!

१९६५-६६ च्या दुष्काळात अध्यक्ष जॉन्सन धान्याची जहाजे हात राखून सोडू लागले. शेतीचे धोरण बदला, व्हिएतनामविषयी जपून बोला, असा त्यामागे इशारा. जून १९६६ मध्ये जागतिक बँक व अमेरिका यांच्या आग्रहाखाली रुपयाचे अवमूल्यन झाले, ४.७६ रुपयांचा डॉलर साडेसातांवर गेला. साठलेल्या रुपयांपैकी १,६६४ कोटी अमेरिकेने सोडून दिले, ते १९७४ च्या फेब्रुवारीत.