गंज काढणारी वाळू

कामावरून आलेला माणूस दारात कपडे झटकतो आणि उंबऱ्यावर पांढरट धूळ पडते. घरातली बाई ती केरसुणीने लोटते आणि रात्री तेच कपडे बादलीत भिजवते. आमच्या वस्तीतल्या एका घरात हे नऊ वर्षे चालले. ते काका पावडर कोटिंगच्या शेडमध्ये ग्रिल, गेट, मोटारसायकलचे भाग साफ करायचे. कॉम्प्रेसरच्या हवेने नळीतून वाळू मारायची, की गंज आणि जुना रंग निघून लोखंड लख्ख होते. पुढे त्यांना जिना चढताना दम लागू लागला. टीबीची औषधे दोनदा झाली, पण बेडक्यात जंतू एकदाही सापडले नाहीत. तिसऱ्या डॉक्टरांनी मात्र आधी विचारले, "काम काय करता?" सिलिकोसिस हे नाव आम्ही ऐकले ते तेव्हा.

बाजारात पोत्याने मिळणारी पांढरी सिलिका वाळू म्हणजे जवळजवळ सगळी गारगोटीच. लोखंडावर जोरात आपटली की तिचा कण फुटतो. डोळ्यांना दिसते ती धूळ बरीचशी नाकात, घशात अडकते. न दिसणारी बारीक धूळ थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाते. तिथे पडलेले व्रण भरून येत नाहीत. काम सोडल्यावरही आजार वाढू शकतो, आणि खरा टीबी जडण्याचा धोकाही वाढतो. ब्रिटनने लोखंडी भाग साफ करायला वाळू मारणे १९४९ मध्येच बंद केले. जीन्स फिकट करण्यासाठी वाळू मारणारे तरुण कामगार दगावू लागले, तेव्हा तुर्कस्तानने २००९ मध्ये त्या कामावर बंदी घातली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिसला सरकारला कळवायच्या आजारांत घातले. पण चार पोरांच्या शेडमधला आजारी माणूस त्या नोंदीपर्यंत पोहोचतच नाही.

"वाळू स्वस्त पडते," असे शेडवाले म्हणतात. हा हिशेब आम्हाला पटत नाही. वाळू एकदा मारली की तिचे पीठ होते. गार्नेट चाळून पुन्हा वापरता येते. स्टीलची ग्रिट बंद कॅबिनेटमध्ये कितीतरी फेऱ्या चालते, फक्त तिला ओल लागू द्यायची नाही. जाड गंज आणि रंगाला टोकदार स्टील ग्रिट किंवा गार्नेट चांगले. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेसवर मात्र स्टील मारू नये. लोखंडाचे कण रुतून राहतात आणि पुढे त्यांचेच डाग उमटतात. इंजिनचे कव्हर, कार्बोरेटर यांना काचेचे बारीक मणी कमी दाबाने मारावेत. अगदी नाजूक भागाला अक्रोडाच्या टरफलाचा चुरा पुरतो. चाळणीचा मेश नंबर जितका मोठा, तितका दाणा बारीक, हे दुकानात लक्षात ठेवावे.

माल बदलला म्हणून धूळ निरुपद्रवी होत नाही. जुन्या रंगात शिसे असू शकते. फाउंड्रीतून आलेल्या ओतीव भागाला साच्याची वाळू चिकटलेली असते, ती उडतेच. म्हणून काम धूळ ओढून घेणाऱ्या बंद कॅबिनेटमध्येच करावे. तोंडाला रुमाल बांधणे म्हणजे मनाचे समाधान. उघड्यावर काम असेल तर एन-९५ सुद्धा अपुरा. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारे हेल्मेटच लागते. ती हवा साध्या तेलाच्या कॉम्प्रेसरची नको, तीत विषारी वायू येऊ शकतो. अंगावरची धूळ हवेच्या नळीने उडवू नये. जमीन ओली करून झाडावी. कपडे कामावरच बदलावेत आणि वेगळे धुवावेत.

ज्यांनी हे काम काही वर्षे केले आहे, त्यांनी दम लागायची वाट न पाहता छातीचा एक्स-रे काढावा आणि डॉक्टरांना कामाचे स्वरूप, वर्षे आपणहून सांगावीत. पगारातून ईएसआय कापला जात असेल तर सिलिकोसिस हा कामामुळे झालेला आजार धरला जातो, त्याचा लाभ मागता येतो. हजेरीची चिठ्ठी, पगाराची पावती, जे असेल ते जपून ठेवा. काकांच्या घरी यातले काहीच नव्हते.

त्यांचा पुतण्या त्याच शेडमध्ये आहे. तिथे आता जुनी कॅबिनेट आणली आहे, काच धूसर आहे आणि एका हातमोज्याला भोक पडले आहे. तो हातमोजा येत्या रविवारी बदलायचे ठरले आहे.