तलावातला गाळ, रानातली माती
अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे बुलढाणा जिल्ह्याचे घाटावर व घाटाखाली असे दोन भाग पडत असल्याने पैनगंगा आणि पूर्णा यांच्या पाणलोटांचे, म्हणजे ज्या भूभागांवरील पाऊस त्या-त्या नदीस मिळतो त्यांचे, नियोजन वेगवेगळे करावे लागते. भारतीय जैन संघटनेने २०१८ मध्ये राज्य शासनासह राबविलेल्या ‘सुजलाम् सुफलाम् बुलढाणा’ या तलावांतील गाळ काढण्याच्या अभियानात यंत्रे संघटनेची, डिझेलचा खर्च शासनाचा आणि गाळाची वाहतूक शेतकऱ्यांची, अशी विभागणी होती. गाळ उपसल्याने तलावाची साठवणक्षमता वाढते आणि वाहून आलेली सुपीक माती मुरमाड रानात पसरता येते. मात्र पाणलोटाच्या माथ्यावर समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले चर, नसतील तर तलाव पुन्हा गाळाने भरतो.