एचआयव्ही आणि रक्ताची मोजदाद

एखाद्या रोगावर औषध सापडले, म्हणजे प्रश्न सुटला असे आपण समजतो. पण ते औषध लागू पडत आहे की नाही, हे ओळखावयाचे कसे? एचआयव्हीच्या बाबतीत हे विशेष बिकट आहे; कारण औषध निष्प्रभ ठरू लागले, तरी रोगी कित्येक महिने धडधाकट दिसतो. म्हणून रक्ताची परीक्षा करावी लागते.

हा विषाणू १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत प्रथम हाती लागला. तो सीडी-४ नावाच्या पांढऱ्या रक्तपेशींत शिरून आपल्या प्रती तयार करवून घेतो, आणि त्यात त्या पेशींचा नाश होतो. निरोगी प्रौढाच्या एका घनमिलिमीटर रक्तात ह्या पेशी साधारणतः ५०० ते १,५०० असतात. त्या २०० च्या खाली गेल्या, की क्षय, न्यूमोनिया, मेंदूच्या आवरणाचा दाह असे रोग संधी साधतात. तेव्हा पेशी मोजता येतात, तसेच विषाणूही. वाळवीने तुळई किती पोखरली हे पाहणे वेगळे, आणि वाळवी अजून जिवंत आहे काय हे पाहणे वेगळे. ह्या दोन मोजण्यांतील भेद तोच होय.

ह्या शतकाच्या आरंभी आफ्रिकेत औषधे पोचू लागली, पण प्रयोगशाळा फारच थोड्या होत्या. यंत्रे येईपर्यंत औषध रोखून धरावे काय? युगांडा व झिंबाब्वे येथील ३,३१६ रोग्यांवर ‘डार्ट’ नावाची चाचणी २००३ मध्ये सुरू झाली. रक्त सर्वांचेच नियमित तपासले जाई. मात्र निम्म्या रोग्यांचे सीडी-४ चे आकडे डॉक्टरांना कळविले जात नसत, आणि त्यांच्या इतर तपासण्यांचे निकाल डॉक्टरांनी लक्षणे पाहून मागितले किंवा गंभीर दोष आढळला, तरच मिळत. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनंतर सर्व निकाल कळविलेल्या गटात शेकडा ९०, तर दुसऱ्या गटात शेकडा ८७ रोगी हयात होते. औषधांच्या दुष्परिणामांत मात्र म्हणण्यासारखा फरक नव्हता. शंभरांत तीन जीव ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. परंतु प्रयोगशाळा नाही म्हणून औषधच नाकारले असते, तर किती जीव गेले असते, ह्याचाही विचार करावा. सीडी-४ मोजण्याचा लाभ तिसऱ्या वर्षापासून दिसू लागला, म्हणजे औषध बदलण्याचा प्रश्न उभा राहिल्यावर.

त्या प्रश्नाचे उत्तर विषाणूंची मोजणी अधिक लवकर देते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये तिलाच अग्रस्थान दिले. उपचार सुरू झाल्यावर सहाव्या व बाराव्या महिन्यात, आणि पुढे वर्षातून एकदा, ती करावयाची असते. एका मिलिलिटरमध्ये १,००० हून अधिक प्रती आढळल्या, तरी तत्काळ औषध बदलू नये. पुष्कळदा रोग्याच्या गोळ्याच चुकलेल्या असतात. कोणाला गावी जावे लागते, कोणी घरच्यांपासून लपवून औषध घेत असतो. त्याच्याशी शांतपणे बोलून, तीन महिने नियमित औषध दिल्यावर रक्त पुन्हा तपासावे. आकडा तरीही उतरला नाही, तर औषध बदलावे. घाईने बदलल्यास एक चांगले औषध वाया जाते. विलंब झाल्यास विषाणू त्याला दाद देईनासा होतो.

भारतात १ एप्रिल २००४ पासून मोफत औषधोपचार सुरू झाला. पूर्वी सीडी-४ ठराविक आकड्याखाली येईपर्यंत थांबावे लागे; २०१७ पासून निदान होताच उपचार द्यावे असे धोरण आहे. ह्याचा अर्थ सीडी-४ निरुपयोगी झाला असा नव्हे. आरंभी तो मोजलाच पाहिजे, कारण २०० च्या खाली असलेल्या रोग्यात क्षय व मेंदूतील बुरशीचा संसर्ग शोधावा लागतो. पण विषाणू दबलेला व पेशी सावरलेल्या असताना तो वारंवार मोजल्याने भीतीच वाढते. साधे पडसे झाले तरी तो घटतो, एकाच दिवसात सकाळी व सायंकाळी निराळा येतो. ६२० चे ५४० झाले म्हणून रात्रभर न झोपणाऱ्या रोग्याला आधी त्याच्या विषाणूंचा आकडा दाखवावा.