एकाच बेरजेवर दोन हात

लालबागच्या एखाद्या गणेशोत्सव मंडळाचा वर्गणीचा हिशेब संगणकावर आहे असे समजू. जमा ५००० रुपये. एका कार्यकर्त्याने ५०० ची पावती नोंदवली, दुसऱ्याने त्याच क्षणी २०० ची. आपल्याला बेरीज ही एक क्रिया वाटते. यंत्रासाठी त्या तीन असतात: जुना आकडा वाचणे, भर घालणे, नवा आकडा लिहिणे. दोन्ही नोंदींसाठी ५००० वाचले गेले. एकीने ५५०० लिहिले, त्यावर दुसरीने ५२००. पाचशे रुपये कोणी खाल्ले नाहीत, तरी हिशेबातून गेले.

याला ‘डेटा रेस’ म्हणतात. नाव फसवे आहे. या शर्यतीत जिंकत कोणीच नाही. एकाच वेळी चालणाऱ्या कामांना प्रोग्रामर ‘थ्रेड’, म्हणजे धागे म्हणतात. गिरणगावातले स्वयंचलित माग ताण्याचा धागा तुटला की आपोआप थांबत. इथे धागे एकमेकांत अडकले तरी यंत्र चालूच राहते. चाचणीत हजार वेळा उत्तर बरोबर येते आणि ऐन गर्दीच्या दिवशी चुकते.

‘थेरॅक-२५’ या किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ दरम्यान अमेरिका-कॅनडात सहा रुग्णांना मर्यादेच्या कित्येक पट मात्रा दिली; त्यात मृत्यूही झाले. यांतले काही अपघात अशाच शर्यतीतून घडले. ऑपरेटरने नोंद झटपट दुरुस्त केली की पडद्यावर एक आणि यंत्रात दुसरेच राही. हात सरावलेला असेल तरच चूक घडे! आधीच्या मॉडेलांतली यांत्रिक ‘इंटरलॉक’ या यंत्रातून काढून टाकली होती, हे विशेष.

इंटरलॉकवर मुंबईकर रोज विसंबतो. सीएसएमटीच्या १८ फलाटांकडे येणारे मार्ग यार्डात एकमेकांना छेदतात. कोणता मार्ग कोणाच्या आड येतो याचा तक्ता गाडी धावण्यापूर्वी कागदावर तयार होतो, आणि आड येणाऱ्या दोन मार्गांना एकदम सिग्नल मिळत नाही. तक्ता वेळापत्रक पाहत नाही. दोन गाड्यांत तासाचे अंतर असले तरी मार्ग परस्परविरोधी ते परस्परविरोधीच.

कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, हेच करू शकतो. ही माहिती कोणाच्या ताब्यात आहे, ती दुसऱ्या धाग्याकडे जाते का, गेल्यावर दोघेही ती बदलू शकतात का, एवढेच तो विचारतो. २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेली ‘रस्ट’ भाषा असा प्रोग्राम नाकारतेच. अ‍ॅपलच्या ‘स्विफ्ट’ने २०२१ पासून आधी इशारे दिले, २०२४ च्या सहाव्या आवृत्तीतील नव्या पद्धतीत त्यांच्या चुका झाल्या, म्हणजे प्रोग्राम तयारच होत नाही.

प्रोग्रामर कुरकुरतात, कारण कित्येक इशारे प्रत्यक्षात निरुपद्रवी असतात. पण सावध तक्त्याची ती किंमतच आहे, आणि मला ती रास्त वाटते. खटकते ती पळवाट. स्विफ्टमध्ये ‘अनचेक्ड’ एवढा शब्द लिहिला की कंपायलर गप्प बसतो, जबाबदारी लिहिणाऱ्याची. असे दार लागतेच. रेल्वेतही सिग्नल बिघडला की गाडी पुढे न्यावी लागते; मात्र त्यासाठी मोटरमनला ठरलेले नियम पाळावे लागतात, स्टेशनमास्तरकडून लेखी अधिकारपत्र मिळते ते ठरावीक नमुन्यात, सहीनिशी. ‘अनचेक्ड’ लिहिणाऱ्याला कारणाची एक ओळही भाषा मागत नाही.