घरच्या वाइनची बाटली आणि भिवंडीचा उकाडा

वसईच्या ईस्ट इंडियन घरांत नाताळासाठी द्राक्षांची वाइन घालण्याची रीत जुनी आहे. शेजारच्या भिवंडीत मात्र हा नाद बहुधा थंड देशांतले व्हिडिओ पाहून लागतो आणि गैरसमजही तिथूनच येतात.

पहिला कायद्याचा. ‘विकत नाही, घरापुरती करतो, मग हरकत काय?’ हरकत आहे. १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्यात मद्य म्हणजे वाइनसुद्धा, आणि ते परवान्याशिवाय बनवणं हा गुन्हा आहे. अमेरिकेत घरगुती वाइनला कायद्याने मुभा आहे, पण तिथला दाखला इथे चालत नाही.

सर्वांत धोक्याचा समज बाटली भरण्याचा. ‘बुडबुडे थांबले, वाइन निवळली, म्हणजे आंबणं संपलं.’ तसं नसतं. गारव्यात यीस्ट सुस्तावतं आणि साखर तशीच उरते. डिसेंबरात बूच मारलेली बाटली एप्रिलमध्ये पत्र्याच्या छपराखाली तापली, की ते पुन्हा कामाला लागतं. लिटरमागे ४ ग्रॅम, म्हणजे छोटा चमचाभर साखर बंद बाटलीत आंबली, तरी दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. शॅम्पेनमध्ये असा सहा वातावरणांचा दाब असतो, म्हणून तिची काच जाड असते. सरबताची जुनी बाटली फुटते आणि काचा डोळ्यांत जाऊ शकतात. खात्री घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरनेच होते. साखर संपलेल्या वाइनचं माप ०.९९५ च्या आसपास किंवा खाली येतं आणि काही दिवसांनी पुन्हा घेतलं तरी तेवढंच राहतं. गोड वाइनमध्ये माप स्थिर असलं तरी साखर असतेच, तेव्हा ती घट्ट बूच लावून बाहेर ठेवू नये.

‘घरच्या वाइनने डोळे जातात’ हेही खरं नाही. फळांतल्या पेक्टिनपासून डोळ्यांना घातक मिथेनॉल तयार होतं, पण अगदी थोडं. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं दगावली, ती मिथेनॉल मिसळलेल्या गावठी दारूने.

आता चव. ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला युरोपातल्या १६ ते १८ अंशांच्या खोल्यांचा आहे. भिवंडीतली खोली तिशीपार असते, तिथे मद्याचा भपकाच पुढे येतो. बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. भरल्या भरल्या चाखून निकालही देऊ नका, भरताना मिसळलेल्या हवेने चव काही आठवडे दबलेली राहते. आणि जुनी तितकी चांगली? बाजारातल्या खायच्या द्राक्षांच्या वाइनला ते सहसा लागू नाही, तिची मजा पहिल्या वर्षातच. व्हिनेगरचा वास आला तर ती वाइन म्हणून गेली.

मुंबई-नाशिक महामार्ग भिवंडीवरूनच जातो. वयाची २१ वर्षं पूर्ण असतील आणि चाखायला शिकायचं असेल, तर नाशिकची परवानाधारक वायनरी गाठा. परतीला गाडी मात्र न प्यायलेल्याच्या हाती द्या.