कावेरीकाठचे एक धान्य, ताटातील दोन रूपे

तमिळनाडूतील कुंभकोणमहून तंजावरच्या दिशेने निघाल्यावर काही किलोमीटरवर, स्वामिमलैच्या शेजारी, तिरुवलंचुळी हे लहानसे गाव लागते. तमिळ भाषेत ‘वलम्’ म्हणजे उजवी बाजू आणि ‘चुळि’ म्हणजे वळसा किंवा भोवरा. कावेरी येथे उजवीकडे वळसा घेते, म्हणून गावाला हे नाव मिळाले असे सांगतात. गावातील कपर्दीश्वराच्या प्राचीन मंदिरात श्वेत विनायकाची मूर्ती आहे. समुद्रमंथनाच्या वेळी उसळलेल्या फेसापासून इंद्राने ती घडविली अशी कथा असून, त्यामुळे या मूर्तीवर जलाभिषेक केला जात नाही. भीमसेनी कापराची पूड तेवढी तिला वाहिली जाते.

ज्या गावच्या देवाला पाणी वर्ज्य, त्या गावाभोवतीची शेते मात्र केवळ पाण्यावर जगतात. कावेरीचा त्रिभुज प्रदेश ही दक्षिणेची भाताची कोठी. ‘पोन्नी’ हे कावेरीचे तमिळ साहित्यातील लाडके नाव, आणि तेच नाव तेथील घराघरांत शिजणाऱ्या एका तांदळालाही मिळाले आहे. नदी आणि अन्न यांना एकाच नावाने हाक मारणाऱ्या या प्रदेशात तांदूळ ताटात कितीतरी रूपांनी येतो. त्यांतील दोन परस्परविरोधी रूपे एकाच जेवणात भेटतात, तो बेत म्हणजे तांदळाच्या पिठीत घोळवून तळलेली कुरकुरीत कोंबडी आणि तिच्या सोबतीला मऊ, थंडावा देणारा दहीभात. मंदिराचा नैवेद्य अर्थातच शाकाहारी. कोंबडीचा बेत घरचा, आणि बहुधा सुटीच्या दिवसाचा.

तंजावरचे मराठी स्वयंपाकघर

मराठी वाचकाला हा प्रदेश परका नाही. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरला भोसल्यांची सत्ता स्थापन केली आणि १८५५ पर्यंत ती गादी टिकली. राज्यकर्त्यांबरोबर सरदार, कारकून, कीर्तनकार, शास्त्री आणि आचारीही दक्षिणेत आले. त्यांच्या वंशजांची तंजावरी मराठी आजही तंजावर, कुंभकोणम, चेन्नई आणि बंगळूर येथील अनेक घरांतून ऐकू येते.

दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) हे विद्याव्यासंगी म्हणून ख्यातनाम आहेत. त्यांच्या नावाशी जोडलेल्या तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात वैद्यक, संगीत आणि नाट्य यांच्या पोथ्यांबरोबरच ‘सरभेंद्र पाकशास्त्र’ हा पाककृतींचा ग्रंथही जतन केलेला आहे. स्वयंपाक हा लिहून ठेवण्याजोगा विषय आहे, ही जाण दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या दरबारात होती, हे विशेष.

या स्वयंपाकाचे वैशिष्ट्य म्हणजे त्याने दोन्ही बाजू सांभाळल्या. देशस्थ कुटुंबांनी आपला शाकाहार जपला, तर राजघराण्यात आणि इतर मराठा घराण्यांत मांसाहारी पदार्थांची परंपरा चालत राहिली. ज्वारी-बाजरीच्या प्रदेशातून आलेल्या माणसांनी भात हे मुख्य अन्न म्हणून स्वीकारले; चिंच, कढीपत्ता आणि तिळाचे तेल यांना आपल्या फोडणीत स्थान दिले; पण ‘आंबट भाजी’, ‘डांगर पचडी’ अशी नावे मराठी वळणाचीच ठेवली. ‘डांगर’ हा मराठी शब्द आणि ‘पचडी’ हा दक्षिणी शब्द एकाच वाटीत सुखाने नांदतात. अशी एखादी पाककृती घरातून लोप पावते, तेव्हा तिच्याबरोबर घरातील भाषेचे चार शब्दही जातात. म्हणूनच घरी रांधणे ही केवळ हौस उरत नाही.

कुरकुरीतपणा म्हणजे पाण्याचा हिशेब

तळलेली कोंबडी हॉटेलात कुरकुरीत असते आणि घरी केली की मऊ पडते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तिचे उत्तर मसाल्यात नसून पाण्यात आहे. कोंबडीच्या मांसात सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणीच असते. तुकडा गरम तेलात सोडताच पृष्ठभागावरील पाण्याची वाफ होते. तेलात उठणारे बुडबुडे ते हेच. वाफ जोराने बाहेर पडत असेपर्यंत तेलाला आत शिरण्यास फारसा वाव मिळत नाही. बाहेरचा थर कोरडा झाला, की त्याचे तापमान शंभर अंशांच्या वर चढते आणि त्याला सोनेरी रंग व खमंग वास येतो. आतले पाणी मात्र आतच राहिले पाहिजे, तरच मांस रसाळ राहते.

येथे तांदळाची पिठी उपयोगी पडते. गव्हाच्या पिठात किंवा मैद्यात पाणी मिसळले की चिकट, लवचीक जाळे तयार होते आणि त्याचा थर थोड्याच वेळात चिवट होतो. तांदळात हे जाळे निर्माण करणारे घटक नसतात. त्यामुळे पिठीचा थर ठिसूळ राहतो, कमी तेल शोषतो आणि कुरकुरीतपणा अधिक काळ टिकवतो. चेन्नईच्या बुहारी हॉटेलात १९६५ साली प्रथम आले असे सांगितले जाणारे ‘चिकन सिक्स्टी फाइव्ह’ आज देशभर पोहोचले आहे. त्याच्या अनेक घरगुती कृतींतही तांदळाची पिठी आणि कढीपत्ता आढळतो.

कुरकुरीत कोंबडी (चार जणांसाठी)

साहित्य : कोंबडीचे हाडासह मध्यम तुकडे ८०० ग्रॅम, घट्ट दही अर्धी वाटी, आले-लसूण वाटण दीड मोठा चमचा, जाडसर कुटलेली मिरी दीड चहाचा चमचा, लाल तिखट दोन चहाचे चमचे, हळद अर्धा चमचा, मीठ दोन चहाचे चमचे, तांदळाची पिठी एक वाटी, बेसन दोन मोठे चमचे, कढीपत्त्याच्या तीन-चार काड्या, तळण्यासाठी शेंगदाण्याचे तेल.

कृती : कोंबडी नळाखाली धुऊ नये. धुण्याने जंतू नाहीसे होत नाहीत. उडालेल्या थेंबांबरोबर ते ओटा, भांडी आणि शेजारच्या भाजीपर्यंत मात्र पोहोचतात. तुकडे स्वच्छ कागदी रुमालाने टिपून कोरडे करावेत. मांडी आणि तंगडीच्या तुकड्यांना हाडापर्यंत एक-दोन चिरा द्याव्यात. दही, वाटण, मिरी, तिखट, हळद व मीठ एकत्र करून तुकड्यांना चोळावे आणि झाकून शीतकपाटात किमान चार तास, जमल्यास रात्रभर ठेवावे. मीठ हळूहळू आत उतरते आणि मांसाची पाणी धरून ठेवण्याची क्षमता वाढविते. ही पायरी घाईने उरकणाऱ्यांची कोंबडी वरून तिखट आणि आतून अळणी होते.

तळण्यापूर्वी अर्धा तास तुकडे बाहेर काढावेत व जादा मसाला निथळू द्यावा. पिठी आणि बेसन चिमूटभर मिठासह एकत्र करून प्रत्येक तुकडा त्यात दाबून घोळवावा. घोळविलेले तुकडे पंधरा मिनिटे तसेच ताटात राहू द्यावेत. या अवधीत पिठी मसाल्यातील ओल शोषून घेते आणि तुकड्याला घट्ट बसते. तिरुवलंचुळीशेजारच्या स्वामिमलै येथील मूर्तिकार मेणाच्या मूर्तीवर कावेरीच्या गाळाच्या मऊ मातीचा पहिला थर देतात आणि तो वाळल्यावरच पुढचा थर चढवितात. धीर धरला तर थर टिकतो, हा नियम दोन्हीकडे सारखाच आहे.

तेल सुमारे १६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे. तापमापक नसल्यास पिठीचा ओला कण तेलात टाकून पाहावा; तो तळाशी जाऊन लगेच वर आला, की तेल योग्य तापले असे समजावे. एका वेळी तीन-चारच तुकडे सोडावेत. कढई भरून टाकली तर तेल थंड होते, वाफेचा जोर मंदावतो आणि थर तेलकट होतो. मध्यम आचेवर दहा ते बारा मिनिटे, मधूनमधून उलटत, तळावे. तुकडा काढून कागदावर न ठेवता तारेच्या जाळीवर ठेवावा. कागदावर ठेवलेल्या तुकड्याखाली वाफ कोंडते आणि कष्टाने मिळविलेला कुरकुरीतपणा पाच मिनिटांत जातो.

सर्व तुकडे झाले की तेल १८५ अंशांपर्यंत तापवून तेच तुकडे पुन्हा दीड-दोन मिनिटे तळावेत. पहिल्या तळणीत कोंबडी शिजते आणि दुसऱ्या तळणीत थराखाली साचलेली ओल निघून जाते. सर्वांत जाड तुकड्याच्या मध्यभागी, हाडाला न टेकता, ७४ अंश तापमान मिळाले म्हणजे कोंबडी खाण्यास सुरक्षित झाली. तापमापक नसेल तर एक मोठा तुकडा कापून हाडाजवळ कच्चेपणा नाही याची खात्री करून घ्यावी. शेवटी पूर्ण कोरडा केलेला कढीपत्ता तेलात क्षणभर टाकून तो कोंबडीवर पसरावा. ओला कढीपत्ता तेलात टाकल्यास तेल अंगावर उडते, हे ध्यानात ठेवावे.

सोबतीला दहीभात

कोंबडीच्या पिठीत पाणी घालवायचे असते. दहीभातात तेच धान्य पाण्याने तुडुंब भरायचे असते. तमिळ घरांत ‘तयिर सादम’ म्हणून ओळखला जाणारा हा भात जेवणाच्या अखेरीस येतो, प्रवासाच्या डब्यात असतो आणि आजाऱ्याच्या उशाशीही असतो. मिरीच्या जाळावर त्याच्याइतका उतारा दुसरा नाही, कारण दुधा-दह्यातील प्रथिने व स्निग्धांश तिखटाचा दाह कमी करतात. पाण्याने तो तसा कमी होत नाही.

एक वाटी तांदूळ साडेचार वाट्या पाण्यात मऊ शिजवावा. गरम असतानाच पळीने घोटून त्यात एक वाटी कोमट दूध मिसळावे. भात हाताला कोमट लागेपर्यंत थांबून मगच दीड वाटी ताजे दही आणि मीठ घालावे. गरम भातात दही घातल्यास ते फाटते. आणि दूध न घालता केवळ दही घातल्यास दुपारपर्यंत भात आंबट होतो. वरून मोहरी, उडदाची डाळ, हिंग, आल्याचे बारीक तुकडे, हिरवी मिरची व कढीपत्ता यांची फोडणी द्यावी. डाळिंबाचे दाणे किंवा किसलेली काकडी घालावी. तोंडी लावण्यास ‘मोर मिळगाय’, म्हणजे मीठ-ताकात मुरवून वाळविलेली आणि तळलेली मिरची असावी. आपल्याकडील सांडगी मिरचीची ती सख्खी बहीण.

शिजलेला भात उन्हाळ्यात तासन्‌तास उघडा ठेवणे धोक्याचे असते. तांदळावरील काही जंतूंचे बीजाणू शिजवल्यानंतरही जिवंत राहतात आणि कोमट भातात वाढतात. भात दोन तासांच्या आत थंड करून शीतकपाटात ठेवावा.

उरलेल्या तेलाचे काय?

घरच्या तळणाचा खरा फायदा म्हणजे तेल आपल्या नजरेसमोर असते. वारंवार तापविलेल्या तेलात आरोग्यास अपायकारक द्रव्ये वाढत जातात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार, ज्या तेलात अशा ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाले ते तेल खाद्यपदार्थांसाठी वापरता येत नाही. हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू झाला. घरी हे प्रमाण मोजता येत नाही, पण तेल काळपट झाले, घट्ट झाले, त्यावर फेस टिकू लागला किंवा लवकर धूर येऊ लागला, तर ते टाकून देण्यातच शहाणपण आहे. एकदा तळलेले तेल गाळून दोन-चार दिवसांत फोडणीसाठी संपवावे, त्यात नवे तेल मिसळून पुन्हा तळू नये. मोठ्या कढईऐवजी लहान, खोल भांडे घेतल्यास तेलही कमी लागते आणि वायाही कमी जाते. टाकाऊ तेल मोरीत ओतू नये.

ताटापासून शेतापर्यंत

या ताटातील दोन्ही पदार्थांचा पाया असलेला तांदूळ मात्र स्वयंपाकघरात पिकत नाही. १९३४ साली पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणाचे दरवाजे, साठा पुरेसा असल्यास, प्रथेप्रमाणे १२ जून रोजी उघडले जातात आणि त्रिभुज प्रदेशात कुरुवै हंगामाची लगबग सुरू होते. पाणी उशिरा आले की पेरणी लांबते आणि पीककर्जाची परतफेडही लांबते. कावेरीच्या वाटपाचा दीर्घ वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने कर्नाटकाने तमिळनाडूला एका वर्षात सोडावयाचे पाणी १७७.२५ अब्ज घनफूट ठरविले. २०२० साली तमिळनाडूने कायदा करून या त्रिभुज प्रदेशाला संरक्षित विशेष कृषी क्षेत्राचा दर्जा दिला, तो याच शेतीचे भवितव्य राखण्यासाठी.

पाणी कोठे घालवावे, कोठे राखावे आणि केव्हा सोडावे, याचा हिशेब ज्याला साधतो त्याची कोंबडी कुरकुरीत होते आणि भात मऊ होतो. कावेरीकाठच्या शेतकऱ्याला हाच हिशेब दरवर्षी जूनमध्ये नव्याने मांडावा लागतो. जेवताना ताटातला दहीभात संपवून उठावे. त्या शेतकऱ्याच्या श्रमांचा आदर त्यात आपोआप होतो.